पत्रात ती कुठे आहे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“मी 31 वर्षांचा. गाव कराडजवळ, नोकरी पुण्यात. सोबत काम करणाऱ्या मुलीशी माझं लग्न ठरलंय. ती त्रिचीची, तमिळ अय्यर कुटुंबातली. आम्ही मराठा. दोन्ही घरांनी आधी बरीच खळखळ केली, पण आता होकार मनापासून आहे. माझ्या आईबाबांना मार्गशीर्षातली, 20 डिसेंबरनंतरची तारीख हवी होती. तिच्या घरच्यांनी ती साफ नाकारली, तेव्हापासून आई नाराज आहे. एकाच मांडवात दोन्हीकडचे विधी निम्मे-निम्मे करावेत, की त्रिचीला त्यांचं आणि पुण्यात आपलं असं दोनदा करावं, हे ठरत नाही. मी वाकडला फ्लॅट भाड्याने घेतलाय. तिला काही कमी पडू नये म्हणून स्वयंपाकघर, देव्हारा, पडदे, सगळं लावून ठेवतोय. तिला कॉफी लागते म्हणून कॉफीचं मशीनही आणलं. घरात मटण शिजणार नाही असा शब्द तिच्या वडिलांना दिलाय, आईला अजून सांगितलेलं नाही. ती मुरुगनची तसबीर आणणार आहे. त्यावर आई म्हणाली, ‘कार्तिकस्वामी? आणि बाईमाणसाच्या देव्हाऱ्यात?’ हे मी तिच्या कानावर घातलेलं नाही. दोन्हीकडचे निरोप मीच जरा गोड करून पोचवतो. तिला आमच्याकडे परकं वाटू नये म्हणून मी आणखी काय तयारी करू?”

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लग्न ठरलेले मुलगे हॉल, कपडे आणि फोटोग्राफर याबद्दल विचारतात. होणाऱ्या बायकोला परकं वाटू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारे कमी. तुमची कळकळ खरी आहे, म्हणूनच एक गोष्ट आधीच सांगते. एवढ्या लांब पत्रात तिने काय म्हटलंय, याची एकच ओळ आहे: ती तसबीर आणणार आहे. बाकी तिला काय आवडेल, काय खुपेल, काय सोसणार नाही, हे सगळं तुम्ही ठरवलंय. प्रेमापोटी ठरवलंय, पण तिला न विचारता.

आता एकेक गोष्ट घेऊ. आधी तारीख, कारण आईंचं मन तिथे दुखावलंय.

आपले महिने चांद्र, तमिळ महिने सौर. साधारण 16 डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत त्यांचा मार्गळी महिना असतो आणि त्यात लग्नं करत नाहीत. महिना वाईट म्हणून नव्हे, तो देवासाठी राखलेला म्हणून. पहाटे उठून दारात कोलम, म्हणजे त्यांची रांगोळी, काढायचं, देवळात जायचं, संत कवयित्री आंडाळची तिरुप्पावै म्हणायची, असा तो महिना. तुमच्या आई मार्गशीर्षातले महालक्ष्मीचे गुरुवार करत असतील तर त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. उलट बाजूही त्यांना सांगा. तिच्या घरच्यांनी ऑगस्टअखेरची, म्हणजे त्यांच्या आवणी महिन्यातली तारीख काढली असती तर चातुर्मास म्हणून तुमच्या घरून नकार गेला असता आणि तो अपमान आहे असं आपल्याकडे कुणालाच वाटलं नसतं. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा मध्य, किंवा थेट फेब्रुवारी, या दिवसांत दोन्ही पंचांगांत तारखा मिळण्यासारख्या असतात. दोन्ही घरच्या गुरुजींना फोनवर एकत्र बोलू द्या. तिथी, नक्षत्र, योग ही भाषा दोघांची एकच आहे.

लग्न एकदा की दोनदा? त्याआधी एक भीती बाजूला ठेवा. ‘खरं लग्न कोणतं’ हा प्रश्न कायद्याने केव्हाच सोडवलाय. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 प्रमाणे वर किंवा वधू, कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की पुरेत. विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण. त्यामुळे त्रिचीला सप्तपदी झाली की तुमचं लग्न लागलं. पुण्यात अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, तर तो आनंदासाठी. नोंदणीसाठी मात्र एकच तारीख आणि एकच ठिकाण दोन्ही घरांनी आधी ठरवून ठेवावं. महाराष्ट्र आणि तामिळनाडू दोन्हीकडच्या नोंदणी कायद्यांत मुदत 90 दिवसांची आहे. पत्रिका, विधींचे फोटो, साक्षीदारांची कागदपत्रं आणि गुरुजींची सही परतीच्या गाडीत बसण्याआधीच गोळा करा. नंतर त्यासाठी हजारावर किलोमीटरची धावपळ होते.

निम्मे-निम्मे हा तोडगा मला पटत नाही. विधी मोजून वाटले की दोन्हीकडच्या मोठ्यांचं लक्ष मोजण्याकडे लागतं. त्यापेक्षा दोन्ही घरांना एकच विचारा: काय गाळलं तर तुम्हाला रुखरुख लागेल? तुमच्या आई बहुधा मुंडावळ्या, अंतरपाट आणि काळ्या मण्यांचं मंगळसूत्र म्हणतील. तिकडे तिच्या वडिलांना लेकीला मांडीवर बसवून कन्यादान करायचं असेल, आजीला ऊंजल हवा असेल, म्हणजे दोघांना झोपाळ्यावर बसवून गाणी म्हणत दूध-केळं भरवायचा सोहळा. या गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. तुमच्या दोन्ही घरांची परिस्थिती बघता मी त्रिचीला पूर्ण त्यांच्या पद्धतीने आणि पुण्यात एका संध्याकाळी आटोपशीर आपल्या पद्धतीने, असं सुचवेन. दोन्हीकडे मांडव आणि खर्च दोघांचा. रोज गळ्यात काय घालायचं, हळदीच्या दोऱ्यातली ताली (म्हणजे त्यांचं मंगळसूत्र), आपलं मंगळसूत्र, दोन्ही की काहीच नाही, ते तिचं तिने ठरवायचं. त्यावर घरात मत घेऊ नका.

त्रिचीच्या मांडवात काय घडणार ते मात्र तुमच्या माणसांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे चेहरे बदलतील. पहाटे उठावं लागेल, कारण मुहूर्त सकाळचा असतो. तुम्ही पंचकच्छम नेसून, हातात छत्री, काठी आणि पंखा घेऊन काशीला निघाल्याचा विधी करणार आणि मुलीचे वडील तुम्हाला परत वळवणार. माळा घालताना मामा-काका तुम्हा दोघांना खांद्यावर उचलतील, त्याचा सराव नसलेल्या मामांना आधी कल्पना द्या. ताली बांधायच्या क्षणी नादस्वरम आणि तविल ही वाद्यं एकदम टिपेला जातात, तेव्हा अक्षता टाकायच्या. पहिली गाठ तुम्ही मारायची, पुढच्या दोन तुमच्या बहिणीने. करवली म्हणून मिरवायला येणाऱ्या तुमच्या ताईला हे ठाऊक आहे का? नसेल तर आजच सांगा, नाहीतर ऐन वेळी तिला शोधायला माणूस धावेल. आणि सप्तपदीच्या वेळी तुम्ही खाली वाकून, वधूच्या उजव्या पायाचा अंगठा हातात धरून तिचं एकेक पाऊल पुढे ठेवणार. पुढे तिचा पाय उचलून अम्मीवर, म्हणजे पाट्यावर ठेवायचा आणि जोडवी घालायची. नवऱ्या मुलाने बायकोच्या पायाला हात लावला म्हणून मागच्या रांगेत कुजबुज होऊ शकते. तुमच्या आईंना हे तुमच्या तोंडून आधी कळलं असेल तर त्या स्वतःच मागे वळून सांगतील की हा त्यांचा विधी आहे.

यासाठी एक साधा उपाय आहे आणि अशी लग्नं ठरलेल्या सगळ्यांनीच तो करावा. एका पानावर, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला तमिळमध्ये, लिहा: किती वाजता काय, ते कशासाठी, कोण कुठे उभं राहणार, पाहुण्यांनी काय करायचं. पुण्याच्या समारंभासाठीही तसंच पान करा, नाहीतर अंतरपाटामागे मुलगी का लपवली हे तिच्या मावश्यांना कळणार नाही. हे पान तुम्ही आणि तिने मिळून लिहा. लिहिताना कितीतरी गोष्टी तुम्हा दोघांनाच नव्याने कळतील.

वऱ्हाडाचा आकडाही आत्ताच ठरवा. तमिळ लग्नात आदल्या संध्याकाळपासून मुलाकडच्या सगळ्यांची राहण्याजेवणाची व्यवस्था मुलीकडचे करतात. आपण दोनशे माणसं घेऊन गेलो तर तो भार तिच्या वडिलांवर पडतो आणि ते तोंडाने काही बोलणार नाहीत. जवळची पन्नास-साठ माणसं न्या, राहण्याचा खर्च आपण करू असं बाबांना स्वतः म्हणू द्या. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. आजीआजोबांना खालचे बर्थ मिळायला हवेत.

आता घराकडे. माझ्या दृष्टीने पत्रातला हा सगळ्यात नाजूक भाग आहे.

तुम्ही घर लावून ठेवताय. देव्हारा कुठे, डबे कोणते, पडदे कोणते, सगळं तयार. ती येईल तेव्हा तिला ठेवायला रिकामा कप्पा कुठे असेल? पूर्ण लागलेल्या घरात येणारं माणूस कितीही लाड झाले तरी पाहुणंच राहतं. म्हणून आता थांबा. गादी, गॅस, फ्रिज एवढं असू द्या. बाकी दोघांनी, लग्नानंतरच्या दोन-तीन रविवारी, बाजारात जाऊन आणायचं.

कॉफीचंच बघा. तिला लागते ती बहुधा फिल्टर कॉफी, आणि तिचा फिल्टर ती घेऊनच येईल. वरच्या भांड्यात पूड घालायची, चकतीने हलकी दाबायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि झाकून ठेवायचं. डिकॉक्शन खाली थेंबाथेंबाने उतरतं, घाई चालत नाही, म्हणून अनेक घरांत ते रात्रीच लावून ठेवतात. सकाळी तापलेल्या दुधात ते घालून डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे त्यांच्या वाटी-पेल्यात, फेसाळून प्यायचं. आई-आजीला रोज करताना बघितलेली ही गोष्ट मशीनने भागत नाही. मशीन परत होत असेल तर करा, आणि ओट्यावर त्या फिल्टरसाठी कोपरा मोकळा ठेवा. तसाच एक कोपरा इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरसाठीही लागेल. ते धूड आहे, रोज उचलून ठेवता येत नाही. त्याच्याच शेजारच्या फळीवर तुमच्या आईंच्या कांदा-लसूण मसाल्याची बरणीही हक्काने राहू द्या.

मटणाचा शब्द तुम्ही घाईने दिलात. तुमचा हेतू चांगला होता, पण घर तुमच्या एकट्याचं नव्हतं. तिला काय चालतं हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? शाकाहारी घरांतल्या मुलींचेही अनेक प्रकार मी बघितलेत. कुणाला वासही सहन होत नाही. कुणाची भांडी वेगळी असली की हरकत नसते. कुणाला नवऱ्याने बाहेर खाल्लेलं चालतं, घरात नको असतं. कुणी अंडं खाते आणि आईवडिलांना सांगत नाही. तुम्ही सासऱ्यांशी बोललात, त्यांच्या लेकीशी नाही. आणि आईंना ही बातमी उद्या त्रिचीच्या मांडवात विहिणीकडून कळली तर? कराडहून रविवारी डबा घेऊन येणाऱ्या आईला तो दारातच झाकावा लागणार असेल तर ते तिला मुलाने सांगायला हवं, परक्याने नव्हे.

आधी तिच्याशी बोला, अगदी बारीकसारीक: कोणती कढई, फ्रिजचा कोणता कप्पा, कोणता दिवस, तिचे आईवडील राहायला आले की काय. तिच्या घरी उष्ट्या-खरकट्याचे आणि शिजवलेल्या भाताचे नियम कडक असतील, तर त्यांच्यासाठी भांड्यांचा एक संच मुळातच बाजूला ठेवलेला बरा. दोघांचं ठरलं की ते ‘आमचं ठरलंय’ म्हणून दोन्ही घरांना सांगा. ‘तिच्यासाठी मी सोडलं’ असं कधीही म्हणू नका. आज ते त्यागासारखं ऐकू येतं, पाच वर्षांनी भांडणात तेच उगाळलं जातं. आणि कराडच्या घरी जे शिजतं ते शिजू द्या. तिथे तिच्या ताटात पोटभर काय असेल एवढं मात्र तुम्ही जातीने बघायचं.

मुरुगनच्या तसबिरीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या आई दुष्टपणाने बोललेल्या नाहीत. आपल्याकडे कार्तिकस्वामी ब्रह्मचारी मानतात. बायकांनी त्याचं दर्शन फक्त त्रिपुरी पौर्णिमेला, कृत्तिका नक्षत्राच्या योगावर घ्यायचं, ही समजूत त्यांनी लहानपणापासून पाळली आहे. सुनेचं काही वाईट होऊ नये याच भीतीने त्या बोलल्या. तमिळ मुलुखात तोच देव संसारी आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना वल्ली आणि देवयानै या त्याच्या बायका उभ्या असतात. स्कंदषष्ठीचे सहा दिवस बायका त्याचा उपास करतात, अनेक जणी मूल व्हावं म्हणून. षष्ठीला शूरसंहार झाला की दुसऱ्या दिवशी देवळात त्याचं लग्न लावतात.

आता तुमच्या भागाकडे बघा. पालीचा खंडोबा तुम्हाला जवळचा. पौष यात्रेत तिथे खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, भंडाऱ्याने अख्खं गाव पिवळं होतं. त्याचीही दुसरी बायको बाणाई, धनगराची लेक, जिच्यासाठी देव तिच्या बापाच्या वाड्यात मेंढ्या राखायला राहिला. मुरुगनची वल्ली डोंगरातल्या शिकाऱ्यांच्या घरी वाढलेली, धान्याच्या शेतात पाखरं हाकणारी, आणि देव वेष पालटून तिच्या मागे गेलेला. बाणाईची गाणी ऐकत मोठ्या झालेल्या बाईला वल्ली परकी वाटणार नाही.

पण ही गोष्ट तुम्ही आईंना सांगू नका. ती तुमच्या होणाऱ्या बायकोने सांगायची आहे, मोडक्यातोडक्या मराठीत का होईना. आणि बाणाईची गोष्ट आईंनी तिला सांगायची. तुमचं काम एवढंच की आईंना काय वाटलं ते तिला मुळातल्या शब्दांत कळवायचं, त्यांची भीती कुठून आली हेही सांगायचं, आणि दोघींना एका दुपारी समोरासमोर बसवून तिथून उठायचं. सगळं पटेलच असं नाही. तसबीर तुमच्या टाकांच्या शेजारी न लागता वेगळ्या फळीवर लागेल, तेही चालेल. पण ते त्या दोघींनी ठरवलेलं असेल.

निरोप गोड करण्याबद्दलही हेच म्हणायचंय. आज तुम्हाला वाटतंय की तुम्ही भांडणं टाळताय. प्रत्यक्षात तुमच्या आई एका अशा सुनेला ओळखतायत जी तुम्ही रंगवली आहे, आणि तिलाही सासू तुम्ही रंगवलेलीच माहीत आहे. लग्नानंतर दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहिल्या की ते टिकणार नाही. रागाचा शब्द जसाच्या तसा पोचवायची गरज नाही. पण नकार असेल तर नकार म्हणूनच पोचवा.

भाषेचंही बोलू. ती पुण्यात राहून मराठी शिकतच असेल. तुम्हाला तमिळ किती येतं? तुमच्या बाबांना आणि तिच्या वडिलांना एकमेकांशी बोलायला समाईक भाषा नसेल, तर तुम्हा दोघांपैकी एकाने सतत मध्ये असावं लागेल आणि आजवर ते ओझं बहुतेक तिनेच वाहिलं असणार. लग्नापर्यंत एवढं तरी यायला हवं: मोठ्यांची विचारपूस, जेवण झालं का हे विचारणं, आणि केळीच्या पानावर चौथ्यांदा भात वाढायला आले की ‘पोदुम’, म्हणजे ‘पुरे’, म्हणणं. नमस्कार कधी, किती वेळा आणि कुणाला करायचा तेही तिच्याकडून समजून घ्या.

शेवटचा मुद्दा नावाचा. तुम्ही तो लिहिलेला नाही, पण तो येणारच. तिकडे आपल्यासारखं आडनाव बहुधा नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. इथे प्रत्येक अर्जात नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने असतात आणि कुणीतरी काका प्रेमाने ते तुमच्या नावाने भरून टाकतील. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असं कोणताही कायदा सांगत नाही. पुण्यात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहायचा विधी आत्याबाई काढतीलच. ताटात कोणतं नाव लिहायचं, की तो विधीच नको, हे तिला आधी विचारा आणि आत्याबाईंना तुम्ही सांगा, तिला सांगावं लागू नये.

या आठवड्यात दोन कामं करा. तिला हे पत्र, तुम्ही मला पाठवलेलं, जसंच्या तसं वाचायला द्या, आईंचं मुरुगनबद्दलचं वाक्य न गाळता. ती काही ठिकाणी हसेल, काही ठिकाणी चिडेल. मटणाच्या ओळीवर कदाचित दोन्ही. तिचं सगळं ऐकून घ्या, मध्ये खुलासे देऊ नका. मग शनिवारी एकटे कराडला जा आणि आईंना मटणाबद्दल काय शब्द देऊन बसलात ते स्वतः सांगा. तुम्ही परत येईपर्यंत फ्लॅटची एक किल्ली होणाऱ्या बायकोकडे देऊन ठेवा.